गणूमामांची उन्हाची पेटी

जिना चढून कुणीही आलं की गणूमामा आधी पेटीचं झाकण उघडायचे, मग बसायला सांगायचे. "बघा की पावणं! आग न्हाय, धूर न्हाय!" वाफ भसकन वर येऊन मामांच्या चष्म्यावर साचायची. आत तांदूळ टणक तो टणकच.

मामा मूळचे हुपरीचे. चांदीच्या पैंजणांना झिलई देण्यात हयात गेलेली. नव्वदच्या दशकात ते शिवाजी पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. गॅसचा नंबर लागत नव्हता, चुलीचा धूर खोलीत कोंडायचा आणि मामींचा खोकला खाली आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. मी तेव्हा सूर्यचुलीचा प्रचार करत हिंडायचो; तिचं पत्रक मीच मामांच्या हातात दिलं. आठवडाभरात त्यांनी गच्चीवर पेटीत पेटी बसवली, मधे भाताचं तूस ठासलं, वर काच लावली. ऊन आत वळवणारा पत्रा तर असा घासला की त्यात बघून भांग पाडावा.

तरी भात शिजेना. दोन उन्हाळे! मी तुसाला दोष द्यायचो, काचेला द्यायचो, सरकारला तर रोजच द्यायचो. दुपारी मामी तेच भांडं चुलीवर चढवायच्या आणि खोकत म्हणायच्या, "ऊन दावून आणलंय, आता शिजंल."

मामा खवळायचे. "हसू नगंस! तुझ्या डोळ्यातलं पाणी थांबवल्याबिगर गप बसणार न्हाय मी."

एका सकाळी मामींना धाप लागली. पेटीत नुकतंच ठेवलेलं भांडं तसंच टाकून आम्ही दवाखान्यात धावलो. संध्याकाळी मामा आणि मी कपडे न्यायला परतलो. मामांनी सहज झाकण उचललं. भात शिजला होता. मऊ, कोमट, तळाशी थोडा चिकटलेला.

मी आनंदानं ओरडलोच. मामांनी मात्र झाकण हलकेच परत लावलं. "आज कुणी उघडलं न्हाय म्हणून शिजला रं. दोन वर्सं मीच उघडत हुतो. माझ्या हौसंपायी तिनं धूर गिळला."

तो भात डब्यात भरून ते दवाखान्यात गेले. मामींनी एक घास घेतला. "मीठ इसरलासा," एवढंच म्हणाल्या, आणि डबा संपवला.

पुढं मामांनी पेटीला कुलूप घातलं. किल्ली मामींच्या कमरेला. आता मामा नाहीत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, हेच सलतं. कारण त्या जिन्यावर सगळ्यात जास्त पाहुणे मीच आणले होते, प्रचारासाठी. "झाकण वारंवार उघडू नये" ही पत्रकातली ओळ मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. एका हातात पत्रक, दुसऱ्या हातानं झाकण वर धरून.