जा, तू जा
आज उलव्याच्या रस्त्यावर एक म्हातारा माझ्या गाडीकडे बघून हात हलवत होता, ‘जा, जा’, आणि मला स्वित्झर्लंडच्या सहलीतले वडील आठवले. तळ्याकाठच्या त्या गावात समोर बर्फाचे डोंगर होते आणि आम्हाला फक्त रस्ता ओलांडून बोटीवर जायचं होतं. पायी ओलांडायच्या पिवळ्या पट्ट्यांपाशी पोचताच एक गाडी थांबली. जन्मभर न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरना वाट देत आलेल्या वडिलांनी सवयीने हात हलवला, “जा गो बाय, तू जा.” गाडीतली बाई हसली, पण हलली नाही. मी म्हटलं, “बाबा, ती आपल्यासाठी थांबलीय.” “आपल्यासाटी कोन थांबतंय? पाय टाकला का सुटंल ती.” मागे चार गाड्या जमल्या. एकानेही हॉर्न वाजवला नाही, त्यामुळे तर ते जास्तच घाबरले. शेवटी त्यांनी तिला हात जोडले आणि माझं मनगट धरून धावतच रस्ता ओलांडला. बोटीत सगळे डोंगरांचे फोटो काढत होते. बाबा मात्र चुळबुळत, वळून वळून त्या पट्ट्यांकडेच बघत राहिले. आज उलव्यात त्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडता यावा म्हणून मीही थांबलो होतो. मागून हॉर्न सुरू झाले, म्हाताऱ्याने पुन्हा हात हलवला, आणि मी गेलो.