आरशाच्या जागी

लेकीचा जबडा सरळ करायचं ठरलं तेव्हा आम्ही पनवेलला, बाजारामागच्या भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी एका खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायचे. ती समोर बसून उकडीचे गोळे करायची आणि सारखी बडबड करायची. बाहेर पडताना मात्र ओढणी नाकापर्यंत.

तिचा खालचा जबडा पुढे होता. समोरचे दात एकमेकांवर बसायचेच नाहीत. वडापावचा घास दातांनी तुटत नसे, हाताने तुकडा मोडून गालात सरकवायची. शाळेत पोरी म्हणायच्या, "आधी हिची हनुवटी वर्गात येते, मग ही." तेव्हापासून ती मान खाली घालून चालायला लागली. मान झुकवली की हनुवटी कमी दिसते, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. एसटी स्टँडसमोर रिक्षा अंगावर आली तरी नजर वर नाही. मी मागून हाक मारायचे, पण माझा आवाज तो केवढा.

दातांना तारा लावून वर्ष उलटलं. मग एक दिवस दातांच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी आम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर पांढरी कवटी गोल फिरत होती. ती माझ्या लेकीची आहे हे कळल्यावर मी तोंड फिरवलं. ती मात्र खुशीत. "आये, बघ ना, आतून मी किती गोरी हाय!"

मॅडम हसल्या. त्यांनी हाडाचा खालचा भाग निराळ्या रंगाचा केला आणि हळूच मागे सरकवला. दातावर दात बसले. खरं ऑपरेशन करण्याआधी ते असं पडद्यावर करून बघायचं, असं त्यांनी समजावलं. हाडावर चेहरा चढवायला तिचा फोटो लागणार होता, नेहमीसारखं सरळ उभं राहून काढलेला.

तिथेच अडलं. भिंतीवर आरसा होता. मॅडम म्हणाल्या, "स्वतःच्या डोळ्यांत बघ." आरसा दिसला की लेकीची मान आपोआप खाली. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. हाताने हनुवटी वर केली तर ती जास्तच वर, लाकडासारखी. मॅडमनी मला जवळ बोलावलं.

"मावशी, ही मान खाली घालते ना, त्यामुळे हनुवटी आहे त्याहून मागे दिसते. मग मी जबडा कमी मागे घेईन आणि काम अर्धवट राहील. घरी कशी उभी असते ही?"

घरी ती माझ्याकडे बघून बोलते, एवढंच मला सुचलं. तेही पुटपुटलेच. मॅडमनी ते ऐकलं आणि आरशावर कापड टाकलं. मला त्याच्यापुढे उभं केलं. लेक आणि मी एकाच उंचीच्या. तिने माझ्या डोळ्यांत बघायचं आणि बाजूने फोटो निघायचा.

आता माझी पंचाईत. फोटो काढणारा मुलगा, दोन शिकाऊ डॉक्टर, सगळे तिथेच. मी पदर तोंडाशी धरून खाली बघत राहिले.

"आये," लेक म्हणाली, "फरशी नको बघूस. मी वर हाय."

खोलीभर हशा पिकला. मी कशीबशी नजर उचलली. ती समोर होती, ओढणी नाही, मान सरळ, ओठ मिटून हसू दाबलेलं. हनुवटी होती तशी, पुढे. तिच्या चेहऱ्याकडे मी इतका वेळ कधी बघितलंच नव्हतं. भाकऱ्यांच्या धुरात कोण कोणाकडे बघतं?

"अशाच थांबा दोघी," मॅडम म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. सूज उतरेपर्यंत तिला पातळ पेजेवर ठेवलं होतं. ती पेज ढवळताना मी किती देव आठवले असतील. मग मॅडमनी परवानगी दिल्यावर एका सकाळी तिने तव्यावरची मऊ भाकरी उचलली आणि समोरच्या दातांनी चावली. भाकरीवर दातांची अर्धगोल खूण उठली. ती खाण्याआधी तिने मला दाखवली.

आता ती लग्न होऊन उरणला असते. रस्त्यात मान वर करून चालते, बसवाल्याशी भांडतेसुद्धा. तो नवा चेहराच आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे, माझ्याही. पण दुपारी एकटी गोळे करताना मला आठवतो तो जुना. घरातल्या जुन्या फोटोंत ती सगळीकडे खाली बघते आहे, शाळेच्याही आणि मामाच्या हळदीतल्याही. सरळ बघणारा एकच फोटो निघाला, तो त्या कॉम्प्युटरमध्ये. त्याची एक प्रत मागावी असं तेव्हा फार वाटलं होतं. लाजले.

ती येते तेव्हा दारातच मोबाईल काढून माझा फोटो घेते. माझी नजर खाली गेलेली असतेच.

"आये, फरशी," ती म्हणते, आणि मी वर बघते.