मिरच्या भाजून रिचार्ज

मित्रहो, आज दुपारपासून एका शब्दाने मला गोंधळात टाकले आहे.

माझी पत्नी परवा "जरा रिचार्ज होऊन येते" असे सांगून जयसिंगपूरला बहिणीकडे गेली. या शब्दाचा अर्थ मी विश्रांती असा घेतला. तिला कष्ट नकोत म्हणून यंदा वर्षभराची चटणी, म्हणजे आमच्याकडचे मसाल्याचे तिखटसुद्धा मी विकतच आणले होते.

आज तिला आणायला गेलो, तर अंगणात चूल पेटलेली आणि चौघी बहिणी चटणीसाठी मिरच्या भाजत बसलेल्या. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि सगळ्या खो खो हसत होत्या.

"दाजी, लांब थांबा, ठसका लागंल!" मेहुणी ओरडली. "आमची अक्का काय एवढ्यात येत न्हाय."

मी पत्नीला विचारले, "अगं, तू तर रिचार्ज व्हायला आली होतीस ना?"

"मग हे काय चाललंय?" ती म्हणाली.

संध्याकाळी कसबा बावड्यातील आमच्या घरी पोहोचलो. आत येताच ती खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "दमले बाई." चुलीच्या धुरात ती एकदाही असे म्हणाली नव्हती, आणि घरात तर काहीच काम शिल्लक नव्हते.

तुमच्या घरी कोण कशाने ताजेतवाने होते, हे तुम्ही कधी विचारले आहे का? मी आज विचारणार आहे, मात्र उत्तराची थोडी धास्ती वाटते.