हातभर खडक

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी कल्पिता मितेशच्या जॅकेटच्या वाद्या एकेक ओढून बघत होती. श्रीवर्धनच्या जीवना बंदरापासून होडीने अर्ध्या तासावर, पाण्याखालच्या एका खडकावर दत्तात्रेयमामांनी नांगर टाकला होता. भरती जवळजवळ पूर्ण झाली होती. ती संपून ओहोटी लागेपर्यंत पाणी थोडा वेळ थांबतं. तेवढ्यात खाली जाऊन यायचं, त्यापुढे नाही, असा तिचा नियम.

"हात कुठे ठेवायचे?" तिने विचारलं.

"छातीवर," मितेश म्हणाला. "ताई, आमच्या उरणला चिंबोरी बिळात हात घालूनच धरतात. हितं नुसतं बघाचं. उपासच झाला हा."

"काल ज्या बिळात हात घातलास त्यात वाम असती तर आज बोट शोधत बसला असतास."

"बायकोसमोर नको ना, ताई."

त्याची बायको रुचिता मास्क धुता धुता हसली. "ऐक. घरी कुणाचं ऐकत नाहीस, इथे तरी ऐक."

मितेशच्या घरचे ट्रक उरणच्या बंदरात चालतात. दोघांनी अंदमानला डायव्हिंग शिकून कार्ड मिळवलं होतं. कल्पिताकडे येणारे बहुतेक जण असेच, बुडी मारायला शिकलेले. खाली गेल्यावर काय बघायचं, हे ती शिकवते.

कल्पिता एक्केचाळीस वर्षांची, जीवन्याच्या कोळीवाड्यातली. लहानपणी आई वेणूबाईबरोबर ओहोटीला खडकावरची कालवं फोडली, पुढे तारकर्लीला डायव्हिंग शिकली आणि बरीच वर्षं पर्यटकांचा हात धरून त्यांना पाण्याखाली फोटोपुरतं नेऊन आणलं. त्या नोकरीत एकदा एका बेशुद्ध माणसाला होडीत ओढून घ्यावं लागलं. तो वाचला. श्रीवर्धनहून सगळ्यात जवळचं, पाणबुड्यांवर उपचार होऊ शकतील असं ठिकाण मुंबईत आहे, हे ती तेव्हापासून रोज होडी सुटताना मनात म्हणते.

रायगडच्या किनाऱ्यावर निळं, काचेसारखं पाणी नाही. हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशीही दोन हातांपलीकडचं दिसत नाही. म्हणून ती प्रत्येकाला हातभर खडक नेमून देते. तिथेच थांबायचं आणि त्या हातभर जागेत कोण राहतं, कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या आड लपतं, ते बघायचं. कशाला शिवायचं नाही. जागा सोडायची नाही. सिलिंडर वाजवायचा नाही, मासे दडतात. जोडीदार दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधून वर यायचं, हा जगभरचा नियमही ती सांगते. तो ती शेवटी सांगते, कारण तो सगळ्यांना आधीच माहीत असतो.

खाली आठ मीटरवर तिने मितेशला एका कपारीसमोर बसवलं आणि रुचिताला त्याच्यापासून थोड्या अंतरावर. पहिली काही मिनिटं दोघांनाही राखाडी दगडाशिवाय काही दिसलं नाही. मग रुचिताने तिची बाही ओढली. कपारीच्या छताला काळ्या द्राक्षांसारखा घोस लटकत होता. दहा हातांच्या माकुलाची अंडी. कल्पिता तिच्याजवळ सरकली, टॉर्च तिरपा धरून एकेक अंडं दाखवू लागली. त्यात वेळ गेला. तिने मान वळवली तेव्हा पाणी चहासारखं झालं होतं. ओहोटी लागली होती आणि खाडीचा गाळ खडकावर आला होता. मितेश दिसत नव्हता.

रुचिताचं मनगट धरून ती तो होता त्या बाजूला गेली. तिथे कपार होती, तो नव्हता. की ती कपारच दुसरी होती? आता स्वतःचं कोपरही धूसर दिसत होतं. तिने लोखंडी सळईने सिलिंडरवर तीन ठोके दिले. उत्तर आलं नाही. पुन्हा तीन. मिनिट संपलं. रुचिताला घेऊन ती वर आली.

वर मितेश नव्हता.

"कोन नाय आला," दत्तात्रेयमामा म्हणाले. वारा ओहोटीच्या उलटा होता, पाण्यावर लाटा उठत होत्या. बुडबुडे शोधायचे तर सगळीकडेच फेस होता.

"तो माझ्या मागे होता ना?" रुचिता म्हणाली. "ताई, तो मागेच होता ना?"

मितेश आडदांड गडी, हवा भराभर संपवणारा. त्याच्याकडे फार तर पंधरा मिनिटं असतील, असा कल्पिताने हिशेब केला. तिने दोराचं गुंडाळं घेतलं आणि नांगराच्या दोराने पुन्हा खाली गेली. नांगराशी पोचल्यावर हाताला मऊ लागलं. नांगर चिखलात होता. ओढीने होडी सरकली होती, आणि खडक कुठल्या बाजूला राहिला ते तिला दिसत नव्हतं.

होडी ओढीबरोबर गेली, म्हणजे खडक ओढीच्या उलट बाजूला. तिने दोराचं टोक नांगराला बांधलं आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारू लागली. चिखल, पुन्हा चिखल, मग एकदम धारदार काहीतरी. तळवा कापला. खडक होता. कुणालाही कशाला हात लावू न देणारी बाई दोन्ही हातांनी खडक चाचपत निघाली. एका फटीत बोटांना जाळं लागलं, त्याच्या आत काहीतरी जड. तिने ते ओढलं. शेवाळ धरलेलं पोतं निघालं.

स्वतःच्याच बुडबुड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हे ती पहिल्या दिवशी शिकवते. तिने क्षणभर तो आवरला. डावीकडून दुसऱ्या कुणाचे तरी बुडबुडे ऐकू आले.

मितेश तिने बसवलं होतं तिथेच होता. हात छातीवर, मास्क खडकाला टेकलेला. तिने त्याच्या हवेचा काटा डोळ्यांजवळ नेला. काटा लाल पट्ट्यात पार खाली होता.

ते होडीपासून बऱ्याच लांब वर आले. मामांनी होडी आणून दोघांना आत ओढलं.

"ठोके ऐकले नाहीस?" कल्पिताने विचारलं.

"ऐकले ना. दोनदा."

"मग वाजवायचं तरी. वर यायचं."

"तूच बोललीस वाजवाचा नाय. जागा सोडाची नाय. मना वाटलं, काल हात घातला म्हणून ताई परीक्षा घेते." तो हसायला लागला. मग त्याने रुचिताचा चेहरा बघितला आणि थांबला.

"परत बोललास तर बघ," रुचिता म्हणाली आणि त्याच्या दंडावर बुक्की मारून रडू लागली.

कल्पिता होडीच्या दुसऱ्या कडेला गेली आणि कापलेला तळवा पाण्यात धरून बसली.

"बोंब मारशील तं माझ्यावर मार," मामा हळू आवाजात म्हणाले. "नांगर सरला, मना कललाच नाय."

"नांगर सरला म्हणून तो सापडेना, मामा. वर आला नाही तो माझ्या शिकवण्यामुळे."

बंदरावर उतरल्यावर मितेशने उद्याचं विचारलं. रुचिताने साफ नाही म्हटलं. कल्पिताने संध्याकाळी दोघांना फोन केला आणि बदललेले नियम सांगितले. वर येण्याचा नियम आता पहिला सांगायचा, आणि खाली उतरण्याआधी शिकणाऱ्याने तो स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवायचा. तीन ठोके ऐकले की जागा सोडायची. तिचं मनगट आणि शिकणाऱ्याचं मनगट एका दोराने बांधलेलं राहील. रुचिताने फोन स्पीकरवर टाकून ते दोनदा ऐकलं आणि मितेशला जाऊ द्यायला कबूल झाली. ती स्वतः होडीतच बसणार आहे.

उद्या दशमी. जीवन्याची भरती पावणेनऊला पूर्ण होते. होडी आठला सुटेल, आणि तिच्याबरोबर खाली एका वेळी एकच जण उतरेल.