चुलवाणात ढकललेला सायलेन्सर

चुलतभावाच्या गाडीचा उजवा सायलेन्सर मी मुद्दाम जाळला. वर त्याला सांगितलं, की दोन्ही वेळेत काढले. हे दुसरं मला पहिल्याहून जास्त छळतं.

आम्हा दोघांकडे एकाच जातीच्या मोटरसायकली. दोन सिलिंडरच्या, टू-स्ट्रोक. आमच्या तरुणपणी रस्त्याने गेल्या की लोकांच्या माना वळायच्या, त्या. दोघांनीही भंगारातून आणून उभ्या केल्या. मी पुण्याहून तयार सायलेन्सर आणले, आरशासारखे चकचकीत. त्याने स्वतः केले. जुन्या लग्नपत्रिका कापून, गुंडाळून, चिकटवून आधी पुठ्ठ्याचा आकार जमवला. घरभर पसारा. मग त्या मापाने पत्रा कापून वेल्डिंग करून घेतलं. इंजिनाकडून निघताना बारीक, पुढे फुगत गेलेला, मग पुन्हा निमुळता आणि शेवटी बोटाएवढी नळी. दोन सिलिंडरना दोन, हुबेहूब सारखे.

"धूर नुसता भाईर सोडायचा न्हाई, दादा," तो म्हणाला. "त्याचा धक्का ह्या निमुळत्या भागावर आपटून माघारी आला पायजे. ताजं पेट्रोल धुराबरोबर भाईर पळत असतं, त्याला तो आत ढकलतो."

मी मान हलवली. मला हे माहीत नव्हतं. माझ्यापेक्षा लहान असून तो मला शिकवतोय, हे खुपलं.

त्याची गाडी ओढ्याचा चढ चढताना जो आवाज यायचा, तो सगळ्या निमगावाला कळायचा. माझे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, दुपारचे पडलेले असायचे. आवाज आला की उठून ओट्यावर यायचे. "आला बघ," म्हणायचे. माझी गाडी अंगणात येऊन थांबली तरी कूस बदलायचे नाहीत. एकदा मी विचारलंच.

"तुझी बी चांगली हाय," ते म्हणाले, "पर तिचा आवाज म्हंजे रॉकेलचा डबा गडगडल्यावानी."

टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये ऑइलची काजळी साठते. हंगाम चालू असला की आमच्याकडे ती काढायला गुऱ्हाळात जातात. सायलेन्सर चुलवाणाच्या, म्हणजे रस उकळायच्या काहिलीखालच्या भट्टीच्या, तोंडाशी ठेवायचा, आतला काळा धूर संपला की बाहेर ओढायचा. गुऱ्हाळ माझं. त्या दिवशी तो दोन्ही सायलेन्सर माझ्याकडे देऊन पेठला पावण्यांकडे गेला. "ध्यान ठेव दादा, पत्रा लई पातळ हाय," एवढं सांगून.

डावा मी नीट काढला. उजवा लांब आकड्याने आत सरकवला, चिपाडाच्या भर जाळात, आणि वर काहिलीतला रस बघत उभा राहिलो. लाल झाल्यावर काढला. त्याचं फुगलेलं पोट किंचित बसलं होतं. निवल्यावर काजळी पुसली, तर पटकन दिसणारही नाही इतकंच.

खोडदच्या रस्त्याला त्याने गाडी पळवून पाहिली. जोर धरायची वेळ आली की एक सिलिंडर मागे पडायचा. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर उघडले, पुन्हा बसवले. "वेळेत काढले व्हते ना दादा?" असं एकदाच विचारलं आणि माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला. चढावरचा तो आवाज गेला, दुपारी अण्णा उठेनासे झाले. मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

मग एका सकाळी त्याच्या घरी गेलो, तर डावा सायलेन्सर, चांगला होता तो, शिकंज्यात आवळलेला आणि याच्या हातात करवत.

"माझं मापच चुकलं, दादा. लग्नपत्रिकेवर कुठं गाडीची डिझाइन व्हती का राव!" तो हसला, माझ्याकडे न बघता. "तुझा एक काढून दे चार दिवस. त्याच्यावरनं दोन्ही नवे करतो. तुझेच बरे."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची मला किती हौस होती! करवतीचे दात पत्र्याला लागले होते. मी त्याचं मनगट धरलं.

"कापू नको. तुझं माप बरोबर हाय. उजवा मी चुलवाणात आत ढकलला, लाल होईस्तोवर ठेवला. मुद्दाम. अण्णा तुझा आवाज ऐकून उठायचे, ते मला बघवलं न्हाई. वर तुझ्याशी खोटं बोललो. चुकलो मी. मला माफ कर."