आधी ओळ, मग मत

त्या वहीला केळीच्या चिकाचा वास यायचा. ओलसर, तुरट, किंचित गंजल्या लोखंडासारखा. जळगावच्या बसस्थानकावर कंडक्टर खाकी पिशवी माझ्या हाती देई, आणि ती उघडण्याआधीच मला कळे की वही या वेळी रावेरकडून आली आहे. धुळ्याकडून आली की तिला नुसता डिझेलचा आणि धुळीचा वास असे.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी महाविद्यालयात नुकतीच मराठी शिकवू लागले होते. धुळ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने, आम्ही सगळ्या त्यांना बाई म्हणत असू, कविता लिहिणाऱ्या पाच जणींची एक फिरती वही सुरू केली होती. धुळे, सोनगीर, पारोळा, जळगाव आणि रावेरजवळचे एक खेडे अशी तिची फेरी. डाव्या पानावर एकीची कविता, उजव्या पानावर बाकीच्यांची मते. आम्ही बहुतेकींनी एकमेकींना पाहिलेही नव्हते. अक्षरांवरून चेहरे रचत असू. पहिल्या पानावर बाईंनी एकच नियम लिहिला होता : ज्या ओळीविषयी बोलायचे ती आधी स्वतःच्या हाताने उतरवावी, मग मत मांडावे.

मला तो नियम शाळकरी वाटे.

खेड्यातल्या सदस्येला आम्ही अक्का म्हणत असू. घरची केळीची बाग, अक्षर मोठे, शिरोरेषा समासाबाहेर धावणारी. एकदा त्यांनी घड कापून नेल्यानंतरच्या बागेवर कविता लिहिली. दोन तासिकांच्या मधल्या सुटीत मी ती घाईघाईने वाचली आणि उजव्या पानावर लिहिले, ‘कापलेल्या झाडाने आसवे गाळायची, हे आता फार झाले. अक्कांना रडण्यावाचून दुसरे काही सुचत नाही काय?’ ओळ मी उतरवली नाही. पेनाला टोपण लावताना झालेला ‘टक्’ असा आवाज अजून आठवतो. त्या आवाजात वाक्य टोकदार झाल्याचे समाधान होते.

पारोळ्याच्या मैत्रिणीने खाली लिहिले, ‘खरंच की! कुणीतरी रुमाल पाठवा गं.’ त्याखाली सोनगीरची, ‘एकाने भागेल?’

फेरी पूर्ण होऊन वही खेड्याला गेली आणि माझ्याकडे परत आली, तेव्हा अक्कांचे नवे पान कोरे होते. तळाशी एवढेच : ‘पुढच्या फेरीत माझे नाव धरू नये.’ चिकाचा वास मात्र तोच होता.

मी बाईंना कळवले. त्यांचे कार्ड आले. ‘तुझे मत चूक की बरोबर, हा प्रश्न नंतरचा. तू ओळ उतरवली नाहीस. वही आता कंडक्टरकडे देऊ नकोस, स्वतः घेऊन जा. अक्का नसतील तर मी ही फेरी बंद करीन.’

रावेरच्या बसमध्ये, खिडकीच्या खडखडाटात, ती कविता मी पहिल्यांदा सावकाश वाचली.

घड उतरला, खांब उभा.
त्याचे पाणी थांबेना.

केळीच्या बुंध्याला तिकडे खांब म्हणतात. आसवे हा शब्द त्या पानावर कुठेच नव्हता. रडणेही नव्हते. जी ओळ अक्कांनी लिहिलीच नव्हती, तिच्याशी मी भांडले होते, आणि माझ्या भांडणाला दोघींनी टाळ्या दिल्या होत्या.

आता मोबाइलवरच्या गटात कुणाच्या चार शब्दांवर सगळे तुटून पडतात, तेव्हा माझाही अंगठा शिवशिवतो. मग मी समोरच्याचे वाक्य आधी कागदावर उतरवते. कधी उतरवता उतरवताच माझे उत्तर विरघळते. कधी ते तेवढेच ठाम राहते. पण निदान त्याच वाक्याला दिलेले असते.

त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा अक्कांच्या बागेत घडांची कापणी चालली होती. हिरव्या सावलीत विळ्याचा ओला, बसका आवाज येत होता. अक्का कामावर लक्ष ठेवून उभ्या होत्या. लुगड्यावर चिकाचे तपकिरी डाग. शेजारच्या खांबावरचा घड नुकताच उतरवला होता आणि उरलेल्या देठातून पाणी ठिबकत होते. नुसते, साधे, गार पाणी. मी ओंजळ पुढे केली.

“हात नका लावू ताई, डाग जात नही,” एक मजूर बाई म्हणाली.

“लावू दे तिला,” अक्का म्हणाल्या. मग माझ्या काखेतली वही पाहून, “रुमाल आणलास का?”

कारण ठाऊक नसतानाही बायका हसल्या. माझे कान तापले.

“अक्का, चुकलं माझं. ते पान मी फाडून टाकते.”

“फाडतेस कशाला? मग मी भांडू कशाशी?”

“म्हणजे तुम्ही परत लिहाल?”

पदराला हात पुसून त्यांनी केळीचे एक पान जमिनीवर अंथरले, त्यावर वही उघडून ठेवली. उजव्या पानाच्या तळाशी थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी बोट टेकवले, तेवढ्यानेही कागदावर ओला ठसा उमटला. मी पेनाचे टोपण काढले आणि क्षमेचे पहिले अक्षर लिहू लागले. अक्कांनी माझे मनगट धरले, डाव्या पानावरच्या कवितेकडे मानेने खूण केली आणि म्हणाल्या,

“उतरव.”