वच्छलाकाकूच्या डब्यातला खाऊ

वच्छलाकाकू गेली. आणि मला सकाळपासून हसू येतंय.

रडून झालं आधी. मग तो डबा आठवला!

मोताळ्यात ती आमच्या शेजारी राहायची. भुलाबाईच्या दिवसांत आम्ही मुली संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचो. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा वाजवणार, आणि आतला खाऊ आम्ही ओळखायचा.

ओळखल्याशिवाय झाकण उघडत नसे.

साठच्या दशकातली गोष्ट. मी तिसरीत होते. त्या दिवशी दुपारपासून आमच्याच घराचं दार बंद होतं. आत आई अडलेली, सोबत सुईण. आदल्या वर्षीचं बाळ जगलं नव्हतं. बाबा ओट्यावर बसून होते.

आईजवळ बसून काकू नुकतीच बाहेर आली होती. मी तिला म्हटलं, "मी नाही म्हणत आज गाणी. देवाले ऐकूच येत नाही."

"नको म्हणू. खाऊ तर ओळखशीन?"

तिने मुलींना आमच्याच अंगणात बोलावलं. गाणी हळू आवाजात झाली. मग डबा वाजला. खुळ्ळ खुळ्ळ!

"फुटाणे!"

"नाही."

"शेंगदाणे!"

"नाही वं."

"काकू, सांग ना आता!"

"वा वं वा! सांगून खाऊ भेटते काय?"

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला.

काकू अशी धावली की डबा हातातून सुटला. झाकण उडालं.

अंगणभर चिंचोके!

खाऊ करायला तिला वेळच कुठे मिळाला होता?

"काकू, खाऊ कुठी हाय?" एक मुलगी रडवेली झाली.

काकू दारातून ओरडली, "हा काय आला! ओळखा, पोरगा का पोरगी?"

"पोरगी!" आम्ही सगळ्या किंचाळलो.

"बराबर!"

बाबा चिंचोक्यांवरून घसरत घसरत आत धावले.

"काकू, आई?"

"चहा मागून राह्यली."

मग मी हळूच विचारलं, "काकू, देव आलता काय?"

"आलता काय म्हंते! आत बोंबलून राह्यला तो कोण मंग? तुले ऐकू येत नाही काय?"

बहिणीचं नाव सुनंदा ठेवलं. काकू तिला शेवटपर्यंत 'खाऊ' म्हणायची. सुनंदाच्या नातवंडांसमोरसुद्धा!

मला मात्र तिने तो खेळच लावून दिला.

भाकरी टम्म फुगली, "ओळख वं, कोण आलं?"

म्हैस पान्हावली, "ओळख!"

बुलढाण्याची एसटी टाइमवर आली, "ओळख!" त्या एसटीत देव असणार, हे तर मलाही पटायचं.

आज पहाटे सुनंदाचा फोन आला. काकूच्या तोंडात शेवटचं पाणी तिनेच घातलं.

"ताई, काल काकूने गोळ्यांची डबी माझ्या कानाशी वाजवली. म्हणाली, ओळख वं, कोण आलं?"

"मग?"

"मी म्हटलं, तूच."

काकू हसली म्हणे.

वच्छलाकाकू, तुला हसत हसत, भरल्या मनाने नमस्कार.

खाऊने बरोबर ओळखलंय. आता झाकण उघड.